आज्ञावलीची रंगीत तालीम

(शिक्षक, ग्रामपंचायतींचे कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यापुढे झालेल्या भाषणाची संहिता)



गोव्यातल्या एखाद्या गावात देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक करावयाचे ठरले, की तालमी कित्येक दिवस आधी सुरू होतात. प्रथम कोणाच्या तरी ओसरीवर वा शाळेच्या खोलीत, हातात वह्या घेऊन. आणि अखेरीस रंगीत तालीम, जिच्यात पडदा, पोशाख, पेटी व तबला सर्व काही प्रयोगाच्या रात्रीसारखेच असते, नसतो तो केवळ प्रेक्षक. या तालमीत एखाद्या नटाने वाक्य गाळले अथवा पडदा मध्येच अडकला तर कोणाचेच काही बिघडत नाही. किंबहुना तो अडकावयाचा असेल तर तेथेच अडकावा, यासाठी ही तालीम असते.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही अशीच तालमीची जागा लागते. त्या व्यवसायात तिला ‘लोकल डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट’ असे लांबलचक नाव आहे. मराठीत तिला ‘स्थानिक कार्यप्रत’ म्हटल्यास अर्थ नीट लागतो. लोकांच्या रोजच्या वापरात असलेल्या यंत्रणेची, स्वतःच्या संगणकावर उभी केलेली, चालती परंतु कोणाच्याही व्यवहारात नसलेली प्रत, ती स्थानिक कार्यप्रत होय. अशी प्रत उभी कशी करतात, ती उभी राहता राहता का अडते, आणि वरवर केवळ तंत्रज्ञांचा वाटणारा हा विषय पंचायतीचा सचिव व शाळेचा मुख्याध्यापक यांच्याशी का निगडित आहे, हे सांगण्याचा येथे उद्देश आहे.

जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, शिधापत्रिका, शाळेचा पट यांपैकी बरेचसे काम आता संगणकावर होते. या कामाच्या आज्ञावलीत बदल करावा लागतोच. कराचा दर बदलतो, नमुना बदलतो, एखादा रकाना वाढतो. हा बदल थेट चालू यंत्रणेत करणे म्हणजे मूळ नोंदवहीतच खाडाखोड करीत मसुदा लिहिण्यासारखे आहे. कचेरीत काम केलेल्या कोणालाही मसुदा वेगळा आणि स्वच्छ प्रत वेगळी ही शिस्त समजावून सांगावी लागत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र ती फार सहज मोडली जाते, कारण चालू यंत्रणा व तिची प्रत पडद्यावर एकसारख्याच दिसतात.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण ३१ जानेवारी २०१७ रोजी घडले. आज्ञावल्या साठवून ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने, आपण दुय्यम संगणकावर आहोत अशा समजुतीने, माहितीसाठ्याची एक निर्देशिका पुसून टाकण्याची आज्ञा दिली. प्रत्यक्षात तो मुख्य संगणकावर होता. चूक ध्यानात येऊन त्याने आज्ञा थांबवीपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी केवळ ४.५ गिगाबाइट माहिती शिल्लक राहिली होती. नित्याच्या सुरक्षा-प्रती शोधल्या, तर त्या तयारच होत नव्हत्या असे आढळले. प्रत काढणारी आज्ञावली पोस्टग्रेस या माहितीसाठ्याच्या ९.२ या जुन्या आवृत्तीची होती आणि साठा होता ९.६ या आवृत्तीचा. अखेर कंपनीला वाचविले ते एका योगायोगाने. सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीच्या यंत्रणेत ताजी माहिती भरावी म्हणून हाताने एक प्रत काढून ठेवलेली होती. म्हणजे प्रयोग वाचला तो तालमीसाठी आणलेल्या सामानामुळे. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. हे सर्व त्या कंपनीने स्वतःच जाहीर केले, ही गोष्ट तिला भूषणावह आहे.

आता प्रत्यक्ष एक कार्यप्रत कशी उभी राहते ते पाहू. त्यासाठी उदाहरण घ्यावयाचे ते सर्वांच्या परिचयाचे, आणि जिची आज्ञावली कोणालाही विनामूल्य पाहता येते असे असावे. विकिपीडिया हा ज्ञानकोश ज्या आज्ञावलीवर चालतो, ती मीडियाविकी, या दृष्टीने सोयीची आहे. विकिपीडियाचा आरंभ १५ जानेवारी २००१ रोजी झाला. आधीची आज्ञावली अपुरी पडू लागल्यावर माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने पीएचपी भाषेत नवी लिहिली, ती जानेवारी २००२ मध्ये वापरात आली. त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर याने ती पुन्हा लिहून काढली. मराठी विकिपीडिया २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला, गोव्यातील कोंकणीचा २०१५ मध्ये. हे सर्व ज्ञानकोश याच एका आज्ञावलीवर चालतात.

तिची प्रत घरच्या संगणकावर उभी करणाऱ्यास प्रथम मूळ मजकूर आणावा लागतो. हे काम गिट नावाचे साधन करते. लिनस टोरवाल्ड्स याने ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तयार केले. गिट केवळ आजचा मजकूर देत नाही. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याचा संपूर्ण इतिहास त्यासोबत येतो. जमिनीच्या उताऱ्याबरोबर साऱ्या फेरफारांची वहीच हाती पडावी, तसा हा प्रकार आहे. साहजिकच तो भार शेकडो मेगाबाइटचा होतो. खेड्यातील मंद जोडणीवर तो मध्येच तुटला तर पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते, आणि कित्येकांचा उत्साह येथेच मावळतो. याला उपाय आहे. इतिहास वगळून केवळ शेवटची अवस्था मागण्याची सोय गिटमध्ये आहे, तिला ‘उथळ प्रत’ म्हणतात. ही साधी गोष्ट सूचनापत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहिलेली असली तर नवख्याची एक संध्याकाळ वाचते.

मूळ मजकूर आला म्हणजे आज्ञावली चालू लागली असे नव्हे. पीएचपी भाषा समजणारा दुभाष्या संगणकावर हवा, आणि तोही ठरावीक आवृत्तीचा. इतरांनी लिहिलेले लहानमोठे भाग, ज्यांवर ही आज्ञावली विसंबून आहे, ते आणावे लागतात. कंपोझर नावाचे साधन यादी पाहून ते गोळा करते. मजकूर साठविण्यास माहितीसाठा हवा. मोठ्या कामाला मारियाडीबीसारखा स्वतंत्र चालणारा साठा लागतो, परंतु तालमीपुरता एसक्यूलाइट पुरतो. त्यात सारा साठा एकाच फाईलीत मावतो, आणि प्रयोग फसला तर ती फाईल पुसून पुन्हा कोरी पाटी घेता येते. शेवटी स्थापनेची आज्ञा दिली, की ‘लोकलसेटिंग्ज’ नावाची एक फाईल तयार होते. संकेतस्थळाचे नाव, भाषा, माहितीसाठ्याचा पत्ता, गुप्त किल्ल्या या फाईलीत असतात. मूळ मजकूर सर्वांचा एकच. ही फाईल मात्र ज्याची त्याची.

एवढे झाल्यावर न्याहाळकात ‘लोकलहोस्ट’ हा पत्ता घालावयाचा. या पत्त्याचा अंक १२७.०.०.१ असून त्याचा अर्थ ‘हाच संगणक’ एवढाच आहे. हे पान जगात दुसऱ्या कोणाला दिसत नाही, आणि ते पाहण्यास इंटरनेटची जोडणीही लागत नाही. पुष्कळदा नवख्याला येथे विस्कटलेले, रूपरंगहीन पान दिसते आणि सारेच चुकले असे वाटून तो हात टेकतो. वास्तविक आज्ञावली व्यवस्थित चाललेली असते. पानाचा पेहराव, ज्याला ‘स्किन’ म्हणतात, तो मीडियाविकीच्या मूळ मजकुरात नसतो, वेगळा आणावा लागतो, इतकेच. जाणत्याला हे इतके सवयीचे असते की ते लिहून ठेवावे असे त्याच्या मनातही येत नाही. सूचनापत्रके अपुरी राहतात त्याचे कारण बहुधा आळस हे नसून ही सवय हे आहे.

या व्यवसायात एक वाक्य फार ऐकू येते: ‘माझ्या यंत्रावर तर चालते!’ ते बोलणारा खोटे बोलत नसतो. दोन संगणक एकसारखे दिसले तरी एकसारखे नसतात, आणि फरक ज्या जागी लपलेले असतात त्या जागा मोठ्या चमत्कारिक आहेत.

रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे विंडोजवर फाईलींच्या नावांत सामान्यतः एकच मानली जातात. लिनक्सवर ती भिन्न असतात. त्यामुळे ज्या आज्ञावलीत फाईलीचे नाव एका ठिकाणी लहान अक्षराने व दुसऱ्या ठिकाणी मोठ्या अक्षराने लिहिले गेले, ती विंडोजवर निर्वेध चालते आणि लिनक्सवर ‘फाईल सापडत नाही’ म्हणून थांबते. देवनागरीत असा भेदच नसल्यामुळे मराठी माणसाला हा घोटाळा विशेष परका वाटावा.

ओळीच्या शेवटाचीही अशीच कथा आहे. ज्यांनी टंकलेखनयंत्र वापरले आहे त्यांना आठवेल, की ओळ संपली म्हणजे दोन क्रिया होत: गाडा मागे सरकणे आणि कागद वर चढणे. विंडोजने या दोन क्रियांची दोन चिन्हे आजही जपली आहेत. लिनक्स केवळ कागद चढविण्याचे एकच चिन्ह ठेवते. विंडोजवर उघडून जतन केलेली आज्ञांची फाईल लिनक्सवर अनेकदा चालत नाही, कारण डोळ्यांना न दिसणारे एक जादा चिन्ह प्रत्येक ओळीच्या टोकाला चिकटलेले असते. गेलेले टंकलेखनयंत्र असे अजून त्रास देते.

घड्याळाचा फरक मात्र कचेऱ्यांना खरोखर महाग पडणारा आहे. मोठे संगणक सामान्यतः जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता झालेली नोंद त्या संगणकाच्या लेखी ३१ मार्चच्या रात्री साडेआठची असते. केवळ तारीख नव्हे, वित्तीय वर्षच बदलले! लिहिणाऱ्याच्या संगणकावर भारतीय वेळ असल्याने त्याला हा दोष कधीच दिसणार नाही. आणि कार्यालयीन वेळेत चाचणी केली तर मुख्य संगणकावरही दिसणार नाही, कारण पहाटे साडेपाचनंतर दोन्हीकडे तारीख एकच असते. म्हणून कार्यप्रतीचे घड्याळ मुख्य यंत्रणेसारखेच लावावे आणि तपासणीसाठी मध्यरात्रीनंतरची वेळ मुद्दाम घालून पाहावी.

लिपीची बाब तर आपल्या अगदी जिव्हाळ्याची. सध्या सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात काना व वेलांटी धरून पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. मायएसक्यूएल या माहितीसाठ्यात ‘यूटीएफ८’ नावाची जी जुनी मांडणी होती, तिच्यात एका चिन्हाला तीन बाइटपर्यंतच जागा होती. देवनागरी तीत बरोबर मावे, म्हणून कोणास शंका येत नसे. परंतु मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये जे स्थान मिळाले ते वरच्या मजल्यावर. तेथील चिन्हांना चार बाइट लागतात. जुन्या मोडी कागदांची सूची संगणकावर करू पाहणाऱ्याला अशा साठ्यात एक तर नोंद नाकारली जाते, अथवा मोडी अक्षरापासून पुढचा मजकूर निमूटपणे कापला जातो. चार बाइटांची मांडणी मायएसक्यूएलमध्ये २०१० पासून आहे. एकाच्या कार्यप्रतीत नवी मांडणी आणि मुख्य यंत्रणेत जुनी, असे असले की घरी उत्तम दिसलेला मजकूर तेथे अर्धवट होतो.

हे सर्व फरक एकदम पुसून टाकावेत या हेतूने जी साधने निघाली, त्यांपैकी डॉकर हे २०१३ मध्ये लोकांपुढे आले. त्याची कल्पना अशी, की आज्ञावलीसोबत तिचे सारे बिऱ्हाड, म्हणजे दुभाष्या, इतर भाग, घड्याळ, मांडणी, एका पेटाऱ्यात बंद करून द्यावयाचे आणि कोणत्याही संगणकावर तोच पेटारा उघडावयाचा. मीडियाविकीचीही अशी सोय आहे. डॉकर चढविलेल्या संगणकावर मोजक्या आज्ञा दिल्या, की दोन-तीन दिवसांची खटपट बरीच कमी होते. डॉकरचे कौतुक रास्तच आहे. तथापि त्याला स्मरणशक्ती व जागा दोन्ही भरपूर लागतात, आणि शाळांतील जुन्या संगणकांना हा पेटारा पेलवतोच असे नाही. अशा ठिकाणी पीएचपीमध्ये अंगभूत असलेला लहानसा सेवक व एसक्यूलाइट एवढ्यावर काम भागविणे शहाणपणाचे ठरते. मीडियाविकीच्या चालकांनी हा हलका मार्गही लिहून ठेवला आहे. ज्या प्रकल्पाने केवळ जड मार्ग ठेवला, त्याने आपले दार चांगल्या संगणकाच्या मालकांपुरतेच उघडे ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे या विषयाचे मर्म येते. मीडियाविकीची आज्ञावली जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याखाली आहे. ती वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे. परंतु ज्याची कार्यप्रत बाहेरच्या माणसाला उभी करता येत नाही, ते काम कायद्याने खुले असूनही व्यवहारात बंदच असते. किल्ली दाराला लावून ठेवली, पण दार कोणत्या बाजूने उघडते हे एकट्या घरधन्यालाच ठाऊक, अशी ती अवस्था. तो घरधनी नोकरी सोडून गेला, आजारी पडला, की घर असून नसल्यासारखे.

सरकारी कामात ही अवस्था विरळ नाही. कंत्राटदाराकडून यंत्रणा तयार करून घेतली जाते. करारात मूळ मजकूर सुपूर्द करण्याचे कलम असते, त्याप्रमाणे एक तबकडी वा पेनड्राइव्ह मोहरबंद होऊन कपाटात जातो आणि पोच दिली जाते. पुढे कंत्राट संपते. एखादा रकाना वाढविण्याची वेळ येते तेव्हा कपाट उघडले जाते आणि नव्या माणसाच्या हाती हजारो फाईली पडतात. कोणत्या आवृत्तीचा दुभाष्या, कोणते भाग, कोणता क्रम, याचा मागमूस नसतो. मग एकतर जुन्याच कंत्राटदाराला तो म्हणेल त्या दराने बोलवावे लागते, नाहीतर सारे नव्याने करावे लागते. कलम होते, सुपूर्दगी झाली होती, लेखापरीक्षणातही आक्षेप निघाला नसता. तरी कचेरीच्या हाती काहीच आलेले नव्हते.

म्हणून सुपूर्दगीची कसोटी तबकडीची पोच ही नसावी. एक कोरा संगणक घ्यावा. यंत्रणा तयार करणाऱ्याला त्या खोलीत बसू देऊ नये. आज्ञावलीशी पूर्वी संबंध न आलेल्या, परंतु संगणकाचे सामान्य ज्ञान असलेल्या व्यक्तीच्या हाती मूळ मजकूर व लेखी सूचना द्याव्यात आणि तिला कार्यप्रत उभी करावयास सांगावे. जेथे ती अडेल, तेथे सूचना अपुरी आहे असे समजावे; व्यक्ती अपुरी आहे असे समजू नये. प्रत उभी राहून नमुन्याची एक नोंद तीत घालता आली, बदलता आली व छापता आली, म्हणजे सुपूर्दगी झाली. ही कसोटी देयकाचा अखेरचा हप्ता देण्यापूर्वी घ्यावी, नंतर घेतलेलीचा फारसा उपयोग होत नाही.

दोन सावधगिऱ्या मात्र पाळल्या पाहिजेत. कार्यप्रतीत खऱ्या नागरिकांच्या नोंदी भरू नयेत. सोयीचे पडते म्हणून मुख्य यंत्रणेतील माहिती जशीच्या तशी उतरवून घेण्याची खोड सर्वत्र आहे. त्यायोगे गावातील सर्वांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक कोणाच्या तरी घरच्या लॅपटॉपवर जाऊन बसतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला आहे, परंतु कायदा नसता तरी हे गैरच होते. काल्पनिक नावांच्या पन्नास-साठ नोंदी एकदाच तयार कराव्यात. त्यांत फार लांब आडनाव, एकच नाव असलेली व्यक्ती, २९ फेब्रुवारीचा जन्म, जोडाक्षरांनी भरलेले गावाचे नाव असे अडचणीचे नमुने मुद्दाम घालावेत. दुसरे असे, की गुप्त किल्ल्या व परवलीचे शब्द असलेली फाईल गिटच्या इतिहासात कधीही जाऊ देऊ नये. गिट काही विसरत नाही. आज पुसलेला परवलीचा शब्द कालच्या पानावर वाचता येतो. तसे घडलेच तर पुसत बसण्यापेक्षा तो शब्दच तत्काळ बदलावा.

शिक्षकांसाठी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. मीडियाविकीच्या पडद्यावरील प्रत्येक वाक्य, ‘संपादन करा’, ‘जतन करा’ यांसारखे, भाषावार फाईलींत वेगळे ठेवलेले असते. मराठीची एक फाईल, गोव्यातील कोंकणीच्या देवनागरीची वेगळी आणि रोमीची वेगळी. ही भाषांतरे ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात, आणि त्यासाठी कार्यप्रत उभी करण्याची गरज नसते. परंतु भाषांतर पडद्यावर कसे बसते, बटनात मावते की नाही, ‘१ पाने’ असे अशुद्ध तर दिसत नाही ना, हे ताडून पाहावयाचे तर आपली प्रत हवी. आठवी-नववीच्या मुलांनाही हे करता येण्याजोगे आहे. त्यांनी मराठीच्या फाईलीतील एक शब्द बदलावा, पान पुन्हा उघडावे आणि तो पडद्यावर बदललेला पाहावा. साऱ्या जगाचा ज्ञानकोश ज्यावर चालतो ती आज्ञावली आपल्या शाळेच्या खोलीत चालते आहे, आणि तिची मोडतोड केल्याने कोणाचेही नुकसान होत नाही, हे कळण्यास एवढे पुरे होते.

अशा वर्गात प्रत्येक संगणकावर मजकूर वेगवेगळा उतरविण्याचे कारण नाही. एकाच संगणकावर तो उतरवावा, पेनड्राइव्हवर घ्यावा आणि तेथून इतरांवर चढवावा. गिटला मूळ प्रत पेनड्राइव्हवर असली काय आणि दूरच्या संगणकावर असली काय, सारखेच. मुलांनी एक वही ठेवावी आणि प्रत उभी करताना दिलेली आज्ञा, पडद्यावर आलेला संदेश व अडल्यास कशाने सुटले, हे त्याच क्रमाने लिहावे. मीडियाविकीच्या सूचनापत्रकात एखादी पायरी गाळलेली आढळली तर ते पत्रक स्वतःच विकीवर असल्याने खाते उघडून त्यात सुधारणा करता येते. आज्ञावलीतील बदल मात्र प्रथम जेरिट नावाच्या तपासणी-यंत्रणेत जातो, तेथे इतर जाणते तो वाचतात, आपोआप होणाऱ्या चाचण्या लागतात, आणि मगच तो मूळ मजकुरात मिळतो. या यंत्रणेचे नाव एका डच वास्तुविशारदाच्या नावावरून आले आहे.